गाडी चालू का होईना

मी चालवते त्या गाडीला कुणी खेळण्यातली गाडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खेळण्यातली असती तर तिनं रोज माणसांच्या खेपाच्या खेपा चढावरून वर नेल्या असत्या का? गोल्फ खेळणारे लोक मैदानात फिरायला वापरतात तसली ही गाडी. दारं नाहीत, वर छप्पर, पुढं दोन माणसं बसतात आणि मागं उलट्या तोंडाची दोन. चालते पेट्रोलवर. कुठल्यातरी बंद झालेल्या रिसॉर्टची ती आमच्या दवाखान्याला देणगीत मिळाली. दवाखाना कोल्हापुरातून बाहेर पडलं की एका टेकाडावर आहे. बस खाली फाटकाशी सोडते, आणि तिथून इमारतीपर्यंत असा चढ आहे की धडधाकट माणूससुद्धा मध्ये एकदा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मग गुडघे गेलेली म्हातारी आणि दिवस भरलेली पोरगी यांचं काय होत असेल ते मी सांगायला नको.

गाडी आली तेव्हा मी वॉर्डात मावशी होते. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची. बारा वर्षं केलं. त्या कामाची मला लाज नाही, आणि कुणी काढायला गेला तर मी त्याची काढीन. पण कुठलं काम आपलं आहे हे माणसाला आतून कळतं की. गाडी बघितली आणि मला ते कळलं.

आधी ती अँब्युलन्सच्या दोन ड्रायव्हरांना दिली होती. त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. किल्ली फिरवायची आणि कान लावून बसायचं, इंजिन काही बोलेना. मग बिघडली म्हणून खाली उतरायचं. या गाडीची खोडच तशी आहे. किल्लीनं फक्त वीज मोकळी होते. गिअरचा दांडा पुढं टाकायचा आणि उजव्या पायानं पेडल दाबायचं, तेव्हा सीटखालून ‘टक’ असा आवाज येतो, सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर फिरते, इंजिन धरतं आणि गाडी निघते. पाय काढला की इंजिन बंद. परत पेडल दाबलं की परत टक, परत चालू. त्या दोघांना हे पटेचना. थांबल्यावर बंद पडते ती गाडी कसली, असं म्हणत त्यांनी दोन दिवसांत हात वर केले.

मी नेसरीची. माहेरी भाऊ नव्हता, त्यामुळं ट्रॅक्टरवर बसायला मीच. वडिलांनी नांगरटीपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळं शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्या गाडीवर बसले, पेडल दाबलं आणि चढावरून सरळ वर इमारतीच्या दारात नेऊन उभी केली. व्यवस्थापक साहेब दारातच होते. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. दुसऱ्या सोमवारपासून साडीवर खाकी शर्ट आणि खिशात गाडीची किल्ली. त्या शर्टाला मी रात्री इस्त्री करायचे. कळंब्यात आमच्या गल्लीत मी तो शर्ट घालूनच भाजी आणायला जायचे, कशाला खोटं बोलू.

गाडीची देखभाल एका मिस्त्रींकडं होती. गडहिंग्लजकडचे, साठी गाठलेले मुसलमान गृहस्थ. शहरात त्यांचं लहान गॅरेज होतं आणि दवाखान्याचा जनरेटरही तेच बघायचे. बोलायला अगदी कमी. पहिल्यांदा सर्व्हिसिंगला आले तेव्हा मला म्हणाले, बाई, सगळं सोडा, ह्यो टक तेवढा रोज ऐका. टक आला म्हणजे पायाचा हुकूम सेल्फपर्यंत पोचला. मी ते डोक्यात पक्कं ठेवलं.

आता खंडेनवमीचं सांगते. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. दवाखान्यातही होते. ऑपरेशनच्या कात्र्यांपासून अँब्युलन्सपर्यंत सगळ्यांना हळदी-कुंकू आणि झेंडूची माळ. बाकीचे गाडीच्या तोंडाला माळ घालून मोकळे होतात. मी मात्र पेडलची पूजा केली. कारण असं की वर्षभर ज्याला पाय लावतो त्याची एक दिवस माफी मागायची असते. आमच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या क्लचला हात लावून पाया पडल्याशिवाय कधी दसरा केला नाही. मी पेडलला हळदी-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, चाकापुढं नारळ फोडला आणि त्याचं पाणी चाकावर शिंपडून उरलेलं सगळं पेडलवर ओतलं. हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कुणाला दाखवलं नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीपुढं उभ्या गाडीची किल्ली फिरवली, दांडा टाकला, पेडल दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. टकसुद्धा नाही. खाली फाटकाशी बस येऊन लागली होती आणि एक आजी काठी टेकत वर माझ्याकडं बघत होत्या. त्या आजी त्या दिवशी चालत वर आल्या, मध्ये दोनदा बसल्या. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

खंडेनवमीच्या आधी चारच दिवस मिस्त्रींनी गाडीचा पट्टा बदलला होता. म्हणजे इंजिनाला सेल्फ जोडणारा रबरी पट्टा. माझ्या डोक्यानं लगेच हिशोब मांडला. चालती गाडी, हात लागला, बंद पडली. निरोप मिळून दहाच्या सुमाराला मिस्त्री आले, ते फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधी मी त्यांना तिथंच धरलं. चहाच्या गाड्यावर माणसं होती, बसची वाट बघणारे पेशंट होते, वॉचमन होता. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते मला अजून बोचतं. “तुमच्या हाताला गुण न्हाय मिस्त्री, चालती गाडी मारली तुम्ही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं आणि आल्या पावली परत गेले. गाडीला हातही लावला नाही. मला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं. ते चांदणं माझ्याच मनात होतं हे कळायला अजून आठवडा होता.

साहेबांनी मग शहरातल्या एका मोठ्या गॅरेजचा माणूस आणला. त्यानं किल्ली फिरवली, वाट बघितली, सीट उचलून आत टॉर्च मारला. सेल्फ जळलाय म्हणाला, आणि हिचे भाग मिळणार नाहीत, कशाला नादाला लागता. मी मध्ये बोलले की सेल्फ जळला तरी टक यायला पाहिजे, टकच येत नाही. त्यानं माझ्याकडं न बघता साहेबांना विचारलं, या कोण? साहेब म्हणाले, ड्रायव्हर. तो हसला. त्याच्या त्या हसण्यावर मी काय करणार होते ते माझं मलाच माहीत, पण साहेब समोर होते म्हणून आवरलं.

शेवटी साहेबांनी ठरवलं की गाडी भंगारात द्यायची. पुढच्या सोमवारी दुपारी टेंपो येणार. मी सोमवारपासून परत वॉर्डात. आणि मिस्त्रींचं जनरेटरचं कामही काढून घ्यायचं, कारण माझं फाटकातलं बोलणं साहेबांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. शुक्रवारी मला शर्ट जमा करायला सांगितला. मी म्हटलं, सोमवारी करते.

रविवारी माझी सुट्टी असते. डबा बांधून घरातून निघाले आणि दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये गेले, गाडी तिथं ढकलून ठेवली होती. बरोबर दोन पाने, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि नवऱ्याचा टॉर्च. नवरा म्हणाला होता, तुला काय कळतंय त्यातलं. त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

मी सुरुवातीपासून सुरुवात केली. टाकीत पेट्रोल होतं, हलवून बघितलं. बॅटरीची टोकं घट्ट होती. हॉर्न दाबला तर खाली फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा वाजला. म्हणजे बॅटरी जिवंत. मग राहिला सेल्फ. आमच्या नेसरीकडं ट्रॅक्टरचा सेल्फ लागेना झाला की माणसं मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याची दोन टोकं एकमेकाला जोडतात. ठिणगी उडते आणि सेल्फ फिरतो. असं करू नये म्हणतात, पण सगळे करतात. मी चाकांना पुढं-मागं विटा लावल्या, दांडा मधे ठेवला, सीट उचलली आणि ज्या डबीतून टक येतो तिची दोन जाड टोकं जोडली. ठिणगी उडाली. सेल्फ फिरला आणि त्याच्याबरोबर इंजिनही गरागरा फिरलं, टोकं सोडली तसं थांबलं.

मी एकटीच शेडमध्ये उभी राहून हसत होते. सेल्फ जळलाय म्हणे! त्या मोठ्या गॅरेजवाल्याला तिथं आणून उभं करावंसं वाटत होतं. पट्टाही ताठ होता, नवाकोरा, जसा बसवायला पाहिजे तसाच बसवलेला. पट्टा चांगला, सेल्फ चांगला, म्हणजे मिस्त्रींनी हात लावला ते सगळं चांगलंच होतं.

मग बिघाड कुठं? पायाचा हुकूम डबीपर्यंत पोचत नव्हता. मी डबीतून निघालेली बारीक वायर हातानं चाचपत पुढं पुढं गेले. सीटखालून, फळीखालून, थेट पेडलपाशी. रबरी चटई उचलली. खाली एक पत्र्याचं झाकण, चार स्क्रू. झाकण काढून आत टॉर्च मारला.

आत एक बटण होतं, बोटाच्या पेराएवढं. पेडल सुटं असतं तेव्हा एक पट्टी ते बटण दाबून धरते. पेडल दाबलं की पट्टी उचलते, बटण वर येतं आणि वीज पुढं जाते. पट्टी उचलत होती. बटण वर येत नव्हतं. त्याच्या भोवती, पेडलच्या फटीतून आत उतरलेला, लालसर चिकट थर वाळला होता आणि त्यात तांदळाचे दाणे रुतले होते. कुंकू लावलेले. नारळाचं पाणी वाळलं की डिंकासारखं धरतं, हे स्वयंपाकघरात मला रोज दिसतं. सुट्टीचा दिवस गाडी उभी, बटण दाबलेलं, ते तसंच चिकटून बसलं.

मी खाली बसले. त्या अक्षता मी वाहिल्या होत्या. ते पाणी मी ओतलं होतं, हात जोडून ओतलं होतं. आणि मिस्त्रींना चार माणसांत म्हटलं होतं की तुमच्या हाताला गुण नाही.

नळावरून पाणी आणलं, फडकं भिजवून थर सुटा केला, दाणे एक एक करून टाचणीनं काढले, मग पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून वाळवलं. बटण टुणकन वर आलं. झाकण लावलं, विटा काढल्या, सीटवर बसले, पेडल दाबलं. टक. गाडी शेडमधून बाहेर आली. दाणे मी कागदात गुंडाळून तुळशीत टाकले. अक्षता होत्या, कचऱ्यात कशा टाकायच्या.

सोमवारी सकाळी गाडी ऑफिसच्या दारात नेऊन उभी केली. साहेब बाहेर आले, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खरंच खूश झाले. टेंपोवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग विचारलं, काय झालं होतं? मी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर म्हणतील, हिनंच बिघडवली, हिच्याकडं गाडी नको. शर्ट अंगावर होता. माझ्या तोंडातून निघालं, वायरीत होतं काहीतरी, साहेब. साहेब म्हणाले, म्हणजे त्या मिस्त्रीनंच सैल ठेवली असणार, तू म्हणत होतीस ते बरोबरच होतं. शाबास.

मी मान हलवली. हो, हलवली. लिहिताना हात जड होतोय, पण हलवली.

त्या शाबासकीवर मी सकाळच्या सगळ्या खेपा केल्या आणि एकही गोड लागली नाही. साडेबाराच्या सुमाराला रिकामी गाडी घेऊन खाली येत होते, तर मिस्त्री चढावरून वर चालले होते. जनरेटरच्या खोलीतली हत्यारांची पेटी न्यायला. उन्हात, एक पाय जरा ओढत. मी गाडी थांबवून बसा म्हटलं. चालतो मी, एवढंच म्हणाले आणि पुढं गेले.

ते पेटी घेऊन खाली आले तोवर मी फाटकाशीच थांबले होते. खोलीची किल्ली परत घ्यायला साहेबही खाली आले. चहाच्या गाड्यावर माणसं, बसची वाट बघणारे पेशंट, वॉचमन. सगळं त्या दिवशीसारखंच. आवाज माझा जन्माचा मोठा आहे, तो त्या दिवशी कामाला आला.

“साहेब, वायरीत काय बी नव्हतं. मी खोटं बोलले. खंडेनवमीला मीच पेडलवर नारळाचं पाणी वतलं, अक्षता आत गेल्या आणि बटण चिकटलं. मिस्त्रींचं काम चोख हाय. त्यांना मी हितंच बोलले, म्हणून हितंच सांगते. चुकलं माझं.”

चहावाल्यानं स्टो बारीक केला. साहेबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले की गाडी बिघडवली ते एक वेळ समजतो, पण सकाळी तोंडावर खोटं सांगितलंस, आता तुझ्या हातात ती कशी ठेवू? त्यांचं काही चुकत नव्हतं. मी खिशातून किल्ली काढून पुढं केली.

मिस्त्रींनी पेटी खाली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते गाडीपाशी गेले, वाकले, चटई उचलली, झाकण काढलं आणि आत बघितलं. हातानं पेडल खालीवर करून बटण बघितलं. मग मला विचारलं की सेल्फ चांगला आहे हे कसं ओळखलंत. मी डबीची टोकं जोडल्याचं सांगितलं. आणि वायर कुठून कुठं धरलीत? तेही सांगितलं. त्यांनी झाकण परत लावलं, चारही स्क्रू आवळले, उठायला जरा वेळ लागला त्यांना. मग साहेबांकडं वळले.

“साहेब, ही बाई मला चार माणसांत बोलली ते मी काय विसरणार न्हाय. पण गाडी हिच्याकडंच ठेवा. त्या दिवशी मी बघाय बसलो असतो, तर मी आधी माझा पट्टाच खोलला असता. हिनं बरोबर वाट धरली.”

साहेबांनी माझ्या हातातली किल्ली घेतली नाही, आणि मिस्त्रींकडची खोलीची किल्लीही घेतली नाही. कामाला लागा दोघं, म्हणाले आणि वर निघून गेले.

आजवर मला कुणी कुणी चांगलं म्हटलंय. म्हाताऱ्यांनी गालावरून हात फिरवलेत, साहेबांनी शाबास म्हटलंय. पण ज्याचा मी अपमान केला त्यानं राग तसाच पोटात ठेवून माझं काम खरं म्हणून सांगितलं, त्याची सर कशालाच नाही. त्या दुपारी माझी छाती अशी भरून आली होती की शर्टाचं बटण तुटलं असतं. रडूही येत होतं, आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम होतंय याचा रागही येत होता.

पेटी परत जनरेटरच्या खोलीत न्यायची होती. मी ती उचलून गाडीत मागच्या सीटवर ठेवली. मिस्त्रींनी ठेवू दिली. पण स्वतः बसले नाहीत, चालतच वर निघाले. मीही आग्रह केला नाही. गाडी त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं, वरपर्यंत नेली.